डाळिंबाची साल, द्राक्षाच्या पेशी आणि कर्करोग : सोलापुरात खरोखर काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा. सांगोल्याजवळ डाळिंबाचे दाणे काढून पॅक करायचं छोटं युनिट आहे आणि रोज दीड-दोनशे किलो साल उकिरड्यावर जाते. घरची द्राक्षबाग आहे, धाकटी बहीण बायोटेक शिकलेली आहे. सालीतले ‘कर्करोगविरोधी’ घटक काढून विकता येतील का? तेच घटक टिश्यू कल्चरच्या खोलीत पेशी वाढवून मिळतील का? आणि बार्शीला केमो चालू असलेल्या आत्यांना डाळिंबाचा रस व सालीचं चूर्ण द्यावं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते थांबू शकत नाही. आत्यांना दाणे आवडत असतील, पचत असतील आणि डॉक्टरांनी कच्ची फळं बंद केली नसतील तर खाऊ द्या. फळ आधी धुवा, घरीच सोला, लगेच द्या. गाड्यावरचा किंवा सकाळी काढून ठेवलेला रस नको. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्या काळात बर्फातले आणि भांड्यातले जंतू महागात पडतात. मधुमेह असेल तर रस टाळून दाणेच द्या. सालीचं चूर्ण मात्र देऊ नका. साल टॅनिनने भरलेली असते. ती तोंड-घसा आवळते, मळमळ वाढवते आणि पोटात लोहाला बांधून ठेवते. हिमोग्लोबिन घसरलेल्या, लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे उलटंच पडतं. शिवाय सालीवर बागेतली फवारणी बसलेली असते. कॅप्सूलमधला कुठलाही अर्क चालू असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. औषधं यकृतात ज्या विकरांनी मोडली जातात त्यांच्यात असे अर्क ढवळाढवळ करू शकतात आणि मग केमोचा हिशोब बिघडतो.

आता मूळ मुद्दा. ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या जागी वापरला जातो. एक जागा म्हणजे प्लास्टिकच्या ताटलीतल्या पेशी, दुसरी म्हणजे माणसाचं रक्त. या दोन जागांमधलं अंतर आकड्यात बघितल्याशिवाय सालीच्या धंद्यात एक रुपयाही घालू नका.

डाळिंबात मोठा घटक प्युनिकॅलॅजिन. त्याचा रेणू अवाढव्य आहे, रेणुभार १०८४. तो आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जवळजवळ जात नाही. त्याचे तुकडे होऊन एलॅजिक आम्ल सुटतं, आणि उरलेल्याचं मोठ्या आतड्यातले जीवाणू युरोलिथिनमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. काही माणसांत युरोलिथिन ए भरपूर बनतं, काहींत बी, तर काहींत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे एकाच फळाचा रस प्यायलेल्या दोघांच्या रक्तात वेगवेगळी रसायनं असतात. एका अभ्यासात १८० मिलि रस दिला होता. त्यात २५ मिग्रॅ एलॅजिक आम्ल आणि ३१८ मिग्रॅ टॅनिनं होती. तासाभराने रक्तात एलॅजिक आम्ल सर्वात जास्त मिळालं ते मिलिमागे ३१.९ नॅनोग्रॅम, आणि चार तासांत ते निघून गेलं. ताटलीतल्या पेशी मारायला मिलिमागे साधारण १० ते १०० मायक्रोग्रॅम लागतात. गुणोत्तर मांडा, फरक तीनशे ते तीन हजार पट आहे. तेवढा रस कुणी पिऊ शकत नाही.

द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलचंही असंच आहे. १९९७ मध्ये त्याचा कर्करोग रोखण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आणि जगभर गाजावाजा झाला. नंतर माणसांना २५ मिग्रॅ तोंडाने देऊन मोजलं तेव्हा ७० टक्के शोषलं गेलं, पण मूळ रूपात रक्तात उरलं ते मिलिमागे ५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी. यकृत आणि आतडं त्याला लगेच सल्फेट व ग्लुकुरोनाइड जोडून बाहेर काढतात.

म्हणून सगळं फोल, असंही नाही. जिथे फळातला घटक रक्तात न जाता थेट पेशीला भिडतो, म्हणजे तोंड, अन्ननलिका आणि आतडं, तिथे आशेला जागा आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात गॅरी स्टोनर यांच्या गटाने काळ्या रास्पबेरीची गोठवून वाळवलेली पूड वर्षानुवर्षं याच दिशेने तपासली. तोंडातल्या कर्करोगपूर्व चट्ट्यांवर लावायचा जेलही करून बघितला. विड्या, तंबाखू आणि मिश्री घराघरांत असलेल्या आपल्या भागात हा विषय जवळचा आहे. पण मिश्री चालू ठेवून वर कुठल्याही फळाचं चूर्ण लावलं तर उपयोग नाही, हे घरात स्पष्ट सांगावं.

डाळिंबाच्या बाबतीत एक धडा प्रत्येक उत्पादकाने पाठ करावा. २००६ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या, पण पीएसए (प्रोस्टेटचा रोग किती वाढतोय याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) पुन्हा चढू लागलेल्या पुरुषांना रोज पेलाभर रस दिला. पीएसए दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागत होते, ते ५४ महिन्यांवर गेलं. बातम्या सगळीकडे झळकल्या. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे प्लासिबो (दिसायला तसंच, पण खरा घटक नसलेलं) घेणारा गट ठेवून चाचणी केली आणि २०१५ मध्ये निकाल आला, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. या जाहिरातींवरून तिथल्या एका मोठ्या रस कंपनीवर सरकारी आयोगाने २०१३ मध्ये बंधनं घातली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ती मुख्यतः कायम ठेवली. आपल्याकडे तर औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायदा १९५४ पासून आहे आणि त्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरात-दाव्यांचे २०१८ चे नियमही रोग बरा करण्याचा दावा करू देत नाहीत. तेव्हा पाकिटावर, व्हॉट्सॲपच्या फोटोवर, प्रदर्शनातल्या फलकावर कर्करोग हा शब्द येता कामा नये. कायदा आहे म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त यासाठी की तो शब्द वाचून कुणाची तरी आई केमो सोडते.

जाता जाता, घरातल्या बायकांसाठी एक. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या लाखाहून जास्त स्त्रियांवर जो मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कुठल्याही फळाच्या नावावर असा आकडा नाही. तेव्हा घरातल्या त्या वयाच्या सगळ्या जणींची ती तपासणी करून घ्या.

आता साल.

कर्करोगाचा दावा बाजूला ठेवला तरी सालीला किंमत आहे. प्रमाणित अर्क पूरक आहाराच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या घेतात, आणि नैसर्गिक रंगाईला साल पिढ्यानपिढ्या वापरात आहे. सोलापूरसारख्या चादर-टॉवेलच्या गावात हा दुसरा बाजार दुर्लक्षू नये, त्याला एचपीएलसीचा (अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) खर्चही लागत नाही. पण खायचा अर्क करायचा असेल तर पुढचं सगळं काटेकोर पाळावं लागेल.

फळाच्या वजनात साल आणि पांढरा पापुद्रा मिळून ४० ते ५० टक्के असतात. दाणे काढल्यावर साल ढिगात राहिली की आतून तापते आणि एका दिवसात बुरशी धरते. बुरशीचं विष नंतर कुठल्याही गाळणीने जात नाही. म्हणून त्याच पाळीत तेल्या रोगाचे डाग असलेली, तडकलेली, काळी पडलेली साल वेगळी काढा, बाकीची धुऊन अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा आणि ट्रे ड्रायरला ५० अंशांवर वाळवा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचं ऊन बघून गच्चीवर पसरायचा मोह होतो. रंगाईसाठी तेही चालेल. खायच्या अर्कासाठी नको, कारण उन्हात साल ओली असताना विकरं आणि हवा मिळून फिनॉलं, म्हणजे टॅनिनं आणि त्यांच्या जातीचे घटक, जाळतात, शिवाय धूळ बसते. साल हातात कडकन मोडली पाहिजे, ओल ८ टक्क्यांच्या आत हवी. १०० किलो ओल्या सालीची २५ ते ३० किलो कोरडी होते. भरड दळा, साधारण ४० मेशची. मैद्यासारखी पूड केली तर अर्क जास्त निघत नाही, फक्त गाळणी तुंबते.

अर्कासाठी ५० टक्के इथेनॉल सगळ्यात सोयीचं. नुसतं गरम पाणी घेतलं तर पेक्टिन सुटून खळ होते आणि गाळायला दिवस जातो. निम्मं अल्कोहोल असलं की पेक्टिन मागे राहतं. १ किलो पुडीला १५ लिटर द्रावण, ४५ ते ५० अंश, तासभर ढवळणं. गाळून उरलेल्या चोथ्याला पुन्हा १० लिटर. तिसऱ्या खेपेचा खर्च निघत नाही. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत म्हणून डिनेचर्ड स्पिरिट सहज मिळेल असं वाटतं, पण त्यात पिण्यालायक राहू नये म्हणून मुद्दाम मिसळलेले पदार्थ असतात आणि अर्क आटवल्यावर ते त्यातच राहू शकतात. ते वापरू नका. अल्कोहोलच्या वाफा पेटतात, म्हणून त्या खोलीत साधी मोटर, साधा स्विच, गॅसची शेगडी काहीही नको.

दोन चुका हमखास होतात. पहिली लोखंडाची. टॅनिन आणि लोह भेटले की शाई तयार होते. एक गंजका बोल्ट, एक लोखंडी झारा, आणि सोनेरी-तपकिरी अर्क रात्रीत काळाकुट्ट होतो. टाकी, पंप, झडप, सगळं ३१६ स्टेनलेस हवं. दुसरी चूक बोअरच्या पाण्याची. आपलं पाणी जड, बायकार्बोनेटचं, पीएच आठच्या आसपास. अल्कधर्मी पाण्यात प्युनिकॅलॅजिन तुटतं आणि रंग गडद होत जातो. आरओचं पाणी घ्या आणि द्रावणाचा पीएच सायट्रिक आम्लाने ३.५ ते ४ ठेवा.

अल्कोहोल निर्वात बाष्पकात ४५ अंशांच्या आत काढा. उरलेल्या पाणीदार अर्कात साखर बरीच असते. ती तशीच ठेवून सुकवला तर पावसाळ्यात पिशवीत गूळ होतो. म्हणून तो एचपी-२० किंवा एक्सएडी-१६ राळेच्या स्तंभातून सोडतात. पाणी सोडलं की साखर आणि सेंद्रिय आम्लं वाहून जातात, फिनॉलं राळेला धरून राहतात. थांबायचं कधी, हे द्राक्षबागेतला, गोडी मोजायचा ब्रिक्समीटरच सांगेल. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं वाचन शून्यावर आलं की धुणं पुरे. मग ६० ते ७० टक्के इथेनॉल सोडून फिनॉलं उतरवा, पुन्हा आटवा, फ्रीझ ड्राय किंवा स्प्रे ड्राय करा.

यात फवारणीचा विषय सगळ्यात नाजूक आहे. तेल्यासाठी बागेत ताम्रयुक्त औषधं आणि जीवाणूनाशकं, शिवाय बुरशीनाशकं, कीटकनाशकं पडतात, आणि ती सालीवरच बसतात. दाणा खाणाऱ्याला त्यातलं थोडंच जातं. पण ४ किलो पुडीतून १ किलो अर्क काढला तर जे विरघळणारं होतं ते चौपट झालं. म्हणून कुठल्याही बाजारातून गोळा केलेली साल खायच्या अर्काला घेऊ नका. ज्या बागेची फवारणीची वही हातात आहे तिचीच घ्या, आणि अवशेषांची तपासणी सालीची नाही तर तयार अर्काची करा. तांबं, शिसं, आर्सेनिक वेगळं तपासून घ्या.

प्रत मोजायला बरेच जण फोलिन-सिओकाल्टू (एकूण फिनॉलं मोजणारी) आणि डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी) या चाचण्या करून थांबतात. फोलिन व्हिटॅमिन सीला, काही साखरांना, उरलेल्या प्रथिनांनाही रंग देतं. डीपीपीएच नुसती परीक्षानळीतली रसायनक्रिया आहे, कर्करोगाबद्दल ती काहीही सांगत नाही. खरेदीदाराला एचपीएलसीचा आलेख लागतो. सी-१८ स्तंभ, एकीकडे ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचं पाणी, दुसरीकडे ॲसिटोनायट्राइल, ३७८ नॅनोमीटरवर वाचन. प्युनिकॅलॅजिनची दोन शिखरं दिसतात, अल्फा आणि बीटा. ती एकाच पदार्थाची दोन रूपं आहेत, दोन्हींची बेरीज धरायची. नवखे लोक मोठं शिखर तेवढं मोजून आपलाच माल कमी दाखवतात. एलॅजिक आम्ल नंतर येतं. एखाद्या विक्रेत्याच्या ‘डाळिंब अर्का’त एलॅजिक आम्लाचं भलं मोठं शिखर आणि प्युनिकॅलॅजिन नावालाच दिसलं, तर तो अर्क एक तर फार तापवलेला आहे किंवा स्वस्तातलं एलॅजिक आम्ल ओतून आकडा फुगवलेला आहे. एलॅजिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून बाटलीच्या तळाशी बसलेला फिकट गाळ दिसला तर तो मळ समजून टाकू नका. आधी तपासा, तुमचं प्युनिकॅलॅजिन तुटतंय याची ती पहिली खूण आहे.

आता पेशी वाढवण्याबद्दल. माझं मत सरळ आहे : जे सालीत किलोने मिळतं ते चंबूत मिलिग्रॅमने करायला जाऊ नये. पेशी संवर्धन कामाला येतं ते जिथे झाड दुर्मिळ आहे, सावकाश वाढतं, किंवा तोडलं की संपतं तिथे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध. ते शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅक्लिटॅक्सेलची रचना जगासमोर ठेवली. पॅसिफिक यू झाडाच्या सालीत ते इतकं कमी असतं की एका किलोसाठी सुमारे १० टन साल लागायची, म्हणजे हजारो झाडं. १९९२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली तेव्हा जंगलं उरतील का हीच चिंता होती. पुढे यूच्या पेशी ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्यांमध्ये वाढवून तेच औषध काढलं जाऊ लागलं. बार्शीतल्या एखाद्या रुग्णाला दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल अशा टाकीतूनही आलेलं असू शकतं.

मग सदाफुलीचं तसं का जमलं नाही? व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही केमोची औषधं तर अंगणातल्या झाडाच्या पानांतून येतात. कारण त्यांचा एक अर्धा भाग, व्हिन्डोलिन, बनवायला पानातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींनी काम वाटून घ्यावं लागतं. चंबूतल्या सगळ्या पेशी एकसारख्या, अविकसित. त्या साखळीचे शेवटचे टप्पे त्यांच्यात चालूच होत नाहीत. म्हणून कुठलाही घटक निवडताना पहिला प्रश्न हाच : साधी, भेद न झालेली पेशी तो बनवते का? यू बनवते, द्राक्ष रेस्व्हेराट्रॉल बनवतं, सदाफुली व्हिन्क्रिस्टिन बनवत नाही. आपल्या सह्याद्रीतली नरक्या कॅम्प्टोथेसिन देते. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते तिच्यात दाखवलं आणि पुढे तिची बेसुमार तोड झाली. पेशी संवर्धनावर जीव ओतायचा तर दूरचं उद्दिष्ट ते असावं.

शिकायला मात्र द्राक्ष उत्तम, ते घरचं आहे आणि पेशी उत्साहाने वाढतात. खरड छाटणीनंतर तीन-चार आठवड्यांनी आलेल्या काडीच्या शेंड्याकडून तिसरं-चौथं पान देठासकट घ्या. पावसाळ्यात घेतलेल्या पानांत बुरशी आणि आतले जीवाणू इतके असतात की निम्म्याहून जास्त बाटल्या वाया जातात. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, १०० मिलि पाण्यात दोन थेंब ट्वीन-२० घालून दहा मिनिटं, ०.१ टक्का कार्बेन्डाझिममध्ये वीस मिनिटं. नंतर लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद, १ टक्का क्लोरीनच्या हायपोक्लोराइटमध्ये आठ मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्याच्या चार धुण्या. मर्क्युरिक क्लोराइड जास्त मारतं हे खरं, पण त्याचं पाणी कुठे ओतणार? बहिणीने ते घरच्या खोलीत वापरू नये.

माध्यम बी-५ घ्या, तयार पूड मिळते. लिटरमागे साखर ३० ग्रॅम, केसिन हायड्रोलायझेट २५० मिग्रॅ, एनएए ०.१ मिग्रॅ, कायनेटिन ०.२ मिग्रॅ, अगार ८ ग्रॅम, पीएच ५.८. हार्मोन इतके कमी असतात की ते थेट तोलू नयेत. १० मिग्रॅ एनएए दोन थेंब सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून १०० मिलि करा आणि त्यातलं १ मिलि लिटरला घाला. सुरुवातीला गाठ (भेद न झालेल्या पेशींचा गोळा) यायला २,४-डी हे हार्मोन अर्धा ते एक मिग्रॅ लागेल. पण तेच पुढे चालू ठेवलं तर पेशी फुगतात आणि रंग व फिनॉलं बनवणं सोडतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या बदलीला एनएएवर या. माध्यम निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पुरेत. जास्त वेळ ठेवलं की साखर करपते, पीएच पडतो आणि अगार नीट घट्ट होत नाही. खोली २५ अंश, अंधार. मे महिन्यात वीज गेली आणि एसी बंद पडला की इथे दोन-तीन तासांत खोली ३५ वर जाते, म्हणून इन्व्हर्टरचा हिशोब आधी करा. मुंग्या आणि कोळी बुरशीचे बीजाणू एका बाटलीतून दुसरीत नेतात, रॅकच्या पायांखाली तेलाच्या वाट्या ठेवा.

डाळिंबाची गाठ करून बघायची इच्छा असेल तर तपकिरी पडण्याची तयारी ठेवा. कापलेल्या कडेतून फिनॉलं झिरपतात, हवेने काळी होतात आणि तुकडाच मरतो. अर्ध्या ताकदीचं एमएस माध्यम, लिटरला १०० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल, अर्धा ग्रॅम पीव्हीपी, पहिले दोन आठवडे पूर्ण अंधार आणि पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी नव्या बाटलीत बदली, एवढ्याने बरेच तुकडे वाचतात. कोळशाची पूड घालू नका. ती फिनॉलं शोषते, पण हार्मोनही शोषते, आणि गाठ येतच नाही.

गाठ भुसभुशीत झाली की द्रव माध्यमात. २५० मिलिच्या चंबूत ५० मिलि माध्यम, त्यात ४ ते ५ ग्रॅम गाठ, शेकर ११० फेऱ्यांवर. चंबू निम्म्यापेक्षा जास्त भरला तर प्राणवायू कमी पडून पेशी आंबूस वासाने मरतात. गुठळ्या स्टीलच्या जाळीतून गाळून बारीक पेशीच पुढे न्या. बदली कधी करायची हे इथेही ब्रिक्समीटर सांगतो. सुरुवातीला वाचन साडेतीनच्या आत असतं. क्षारांचं अर्ध्याच्या आत धरून बाकी सगळी साखर. ते एकच्या जवळ आलं की पेशी भुकेला लागल्या. प्रत्येक वंशाची एक प्रत अगारवर जपून ठेवा, कारण द्रवातला वंश वर्षभरात स्वभाव बदलतो. लाल पेशींचा चंबू हळूहळू पांढरा होताना दिसला तर अगारवर पसरून लाल ठिपके निवडून पुन्हा सुरू करावं लागतं.

नुसत्या वाढलेल्या पेशी रेस्व्हेराट्रॉल फारसं बनवत नाहीत. वेलीत ते रोगाच्या हल्ल्यावेळी बनतं, म्हणून हल्ल्याचा भास द्यावा लागतो. वाढ जोमात असताना पेशी गाळून घ्या, १०० मिलि ताज्या माध्यमाला २० ग्रॅम ओल्या पेशी, त्यात १०० मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेट आणि ५० मिलिमोलर मिथिलेटेड सायक्लोडेक्स्ट्रिन. १०० मिलिला हे अनुक्रमे साधारण २.२ मायक्रोलिटर आणि ६.५ ग्रॅम होतं. जास्मोनेट अल्कोहोलमध्ये विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून घाला. चार दिवस अंधारात. सायक्लोडेक्स्ट्रिन रेस्व्हेराट्रॉलला कवेत घेऊन पेशीबाहेर ओढून धरतं, त्यामुळे ते द्रवातच जमतं आणि पेशींना विषारी होत नाही. चांगल्या वंशात लिटरमागे ग्रॅमच्या घरात मिळतं. जास्मोनेट लवकर दिलं तर वाढ थांबते आणि हाती काहीच लागत नाही. तुलनेला तीन चंबू ठेवाच : काहीच न घातलेला, फक्त जास्मोनेटचा, फक्त सायक्लोडेक्स्ट्रिनचा. सायक्लोडेक्स्ट्रिन घातल्यावर ब्रिक्समीटर बाजूला ठेवा, ते वाचन खोटं येणार. द्रव इथाइल ॲसिटेटने काढून ३०६ नॅनोमीटरवर मोजा. सगळं काम फॉइल गुंडाळून, ट्यूबलाइटपासून दूर. उजेडात ट्रान्सचं सिस होतं आणि शिखर २८५ च्या बाजूला सरकतं. मग वाटतं माल बनलाच नाही.

पैशाचा हिशोब : वीस चंबू, दोन लिटर द्रव, लिटरला दोन ग्रॅम धरले तरी चार ग्रॅम माल, आणि त्याला १३० ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन. बाजारातलं रेस्व्हेराट्रॉल जपानी नॉटवीडच्या मुळांतून येतं, ते याहून कितीतरी स्वस्त. म्हणून हे शिकण्यासाठी करा, विकण्यासाठी नाही.

अर्क पेशींवर तपासायचाच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे पेशीवंशांचं भांडार आहे आणि एमटीटी चाचणी (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून दाखवणारी) अनेक प्रयोगशाळा करून देतात. पण डाळिंबाच्या अर्काची एमटीटी फसवी असते. फिनॉलं पिवळ्या एमटीटीला स्वतःच जांभळं करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट वाढीच्या माध्यमात तीच फिनॉलं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्याने मरतात. श्रेय मात्र अर्काला जातं. म्हणून पेशी नसलेल्या खड्ड्यात अर्क आणि एमटीटी घालून वाचन घ्या, अर्क काढून पेशी धुऊन मगच एमटीटी घाला, एका गटात कॅटालेज विकर घालून बघा, निरोगी पेशींचा गट ठेवा आणि डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा ज्ञात गट ठेवा. अर्क विरघळवायला घेतलेलं डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या पुढे नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रचलित निकषानुसार कच्च्या अर्काची निम्म्या पेशी रोखणारी मात्रा मिलिला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तरच तो पुढे तपासण्याजोगा धरतात. कुणी ४०० मायक्रोग्रॅमवर ‘प्रभावी’ लिहून अहवाल दिला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

सुरुवातीला दोनच गोष्टी करा. मृग, हस्त आणि आंबे या तिन्ही बहरांची, एकाच बागेतली भगव्याची पाच-पाच किलो साल वरच्या पद्धतीने वाळवून ठेवा, पिशवीवर तोडणीची तारीख आणि शेवटच्या फवारणीचं नाव लिहा, फॉइलमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरला टाका. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि विद्यापीठ दोन्ही जवळजवळ आहेत, तिथे विचारून प्युनिकॅलॅजिनचं एचपीएलसी करून घ्या. बहराबहरात किती फरक पडतो हे कळल्यावरच राळेचा स्तंभ घ्यायचा की रंगाईवाल्याला साल विकायची ते ठरवा. आणि आत्यांच्या पुढच्या केमोला जाताना घरात जी जी चूर्णं, काढे, कॅप्सूल चालू आहेत त्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या, नुसती नावं सांगून भागत नाही.